सोवळ्यातली फ्लॉपी

शुक्रवारी अंबरनाथच्या कारखान्यांना सुट्टी, आणि दुपारच्याला विजेलाही. पंखा दमत दमत थांबायचा, खालच्या पिठाच्या गिरणीची घरघर बंद पडायची, आणि त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात अशी शांतता उतरायची की भिंतीवरची पाल सरकलेली ऐकू यावी. उमा दातार आपल्या काळ्या पडलेल्या पडद्यासमोर तशीच बसून राहायची. खिडकीतून लांबवर मलंगगडाचा सुळका दिसायचा. कधी धुरात अर्धा बुडालेला, कधी नुसताच वर तरंगणारा, खाली डोंगरच नसल्यासारखा. उमाला वाटायचं, वीज गेली तरी आपला प्रोग्रॅम आत कुठेतरी चालूच असेल. झाकण घातलेल्या विहिरीत पाणी असतं तसा.

"लागली समाधी," बाळ म्हणायचा. "उमे, जागी हो. लाईट आली की टेकचंद शेठचा फोन येणार."

"यायचा तर येऊ दे. मी काय दारात उभी आहे त्याला अडवायला?"

बाळ सोमण ऑफिसचा मालक. त्याचे आणि उमाचे वडील एकाच कारखान्यात होते, शाळाही एकच, म्हणून मालक झाला तरी तिला तो बाळच राहिला. त्र्याण्णव-चौऱ्याण्णव सालचा सुमार. गिरणीच्या वरच्या दोन खोल्या, दोन मशीनी, आणि कळपटांवर रोज बसणारा पिठाचा पातळ थर. आसपासच्या कारखान्यांना आणि उल्हासनगरच्या व्यापाऱ्यांना ही मंडळी प्रोग्रॅम करून देत. कुणाला हजेरी हवी, कुणाला मालाचा साठा.

उमा बदलापूर गावातली. शिक्षण सगळं मराठीतून; कॉलेजात गेल्यावर पुस्तकं इंग्रजी झाली आणि तिला परक्या घरी जेवायला बसल्यासारखं झालं. मग तिने आपल्यापुरता एक उपाय काढला. इंग्रजी शब्द आला की ती त्याला घरी घेऊन यायची. कल्याणच्या क्लासात सरांनी 'लूप' शिकवला, तेव्हा बाकीच्यांनी वहीत आकृती काढली आणि उमाच्या डोळ्यांपुढे आईची जपमाळ आली. मणी, मणी, मणी, मेरुमणी लागला की थांबायचं. त्यानंतर तिचा लूप कधी चुकला नाही. बोलून दाखवायची सोय नव्हती. हसले असते सगळे.

दोन मशीनींमध्ये तार नव्हती. एकीवरचं काम दुसरीवर न्यायचं तर फ्लॉपीवर उतरवायचं आणि उठून पलीकडे जायचं. त्यात एका पावसाळ्यात घोटाळा झाला. उमाने टेकचंद शेठच्या साठ्याचा प्रोग्रॅम मन लावून दुरुस्त केला होता. बाळनेही त्याच प्रोग्रॅममध्ये काहीतरी हात घातला होता, पण जुन्या प्रतीवर. त्याने आपली फ्लॉपी मशीनीत घातली, उमाच्या फायलीवर आपली फाईल उतरवली, आणि उमाचं सगळं काम पुसून गेलं. आवाजसुद्धा झाला नाही.

"माझी चूक," बाळ म्हणाला. "पण मला कळणार कसं, कुठली खरी प्रत?"

उमा घरी आली तेव्हा आई स्वयंपाकघरात होती. कुमुदिनीबाईंच्या घरी सणावाराला अजून सोवळ्यातला स्वयंपाक चाले. ओलेत्याने पिळून वाळत घातलेलं लुगडं नेसायचं, नैवेद्याची भांडी वेगळ्या फळीवर, आणि नैवेद्य होईपर्यंत तिकडे कुणी फिरकायचं नाही. उमा उंबऱ्याबाहेर उभी राहिली. आतून पुरणाचा वास येत होता, चुलीच्या उजेडात आई हलत होती, आणि त्या फळीवरच्या पितळी भांड्यांकडे बघता बघता उमाला सगळं लख्ख दिसलं. तीन जागा. एक शिजत असलेलं, एक देवाला दाखवायचं, एक खरकटं.

दुसऱ्या दिवशी ती स्टीलचा एक डबा घेऊन ऑफिसात गेली आणि तो कपाटाच्या वर ठेवला.

"हे सोवळं," ती बाळला म्हणाली. "तपासून पक्का झालेला प्रोग्रॅम फक्त इथे. काम करायचं असेल तर इथून प्रत घ्यायची, आणि घेताना मोठ्याने सांगायचं, मी अमुक शिवलोय. मग ते परत येईपर्यंत दुसऱ्याने त्याला हात लावायचा नाही. अर्धवट काम म्हणजे अजून शिजतंय, आणि जुनी प्रत ते खरकटं; दोन्ही या डब्यात येता कामा नयेत."

"आणि पक्कं झालं हे ठरवायचं कुणी?"

"नैवेद्य दाखवायचा. आधी आपल्या मशीनवर चालवायचं, शेठची खोटी बिलं घालून. देव जेवला की मग पंगत."

बाळ इतका हसला की खालून गिरणीवाल्याने विचारलं काय झालं. पण त्या दिवसापासून ऑफिसात कुणाचं काम कुणी पुसलं नाही. "साठा कोण शिवलंय?" "मी शिवलेय, चहानंतर सोडते." बोली अशी रुळली की उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात पँटी शिवून विकणारे टेकचंद शेठसुद्धा फोनवर विचारू लागले, "उमा बेहेन, नैवेद झाला काय? हमको प्रसाद कधी भेटेल?" मोठ्या कंपन्यांत याच कामासाठी विकतची हत्यारं असतात, असं बाळ कुठूनतरी ऐकून आला. उमाला त्यांचा हेवा वाटला नाही. डब्याकडे बघितलं की तिला कसं शांत वाटायचं. देवघरातून निघून आपण दुसऱ्या देवघरात येतो, असं तिला वाटे, आणि शुक्रवारच्या त्या अंधाऱ्या दुपारी तर ती मनातल्या मनात हात जोडायचीसुद्धा.

कामं वाढली तशी तिसरी मशीन आली, आणि हिरामण आला. चिखलोलीचा, घरची भातशेती, बी.एस्सी. झालेला. बोटं अशी चालायची की बाळ म्हणे, याच्या कळपटावर पीठ बसायला वेळच नाही. बोलायला मात्र कमी. उमाला तो उमाताई म्हणायचा, काही विचारलं की खाली बघून हसायचा. डब्याचा नियम त्याला सांगितला तेव्हा तो "बरं" म्हणाला. पण "मी शिवलोय" हे शब्द त्याच्या तोंडून कधी आले नाहीत. "उमाताई, साठ्याची प्रत द्या ना," म्हणायचा. ती द्यायची, काम झालं की परत घेऊन डब्यात ठेवायचीही. तिला वाटायचं, मोठ्यांचा मान ठेवतोय. मुलगा गुणी आहे.

दसरा झाला आणि टेकचंद शेठचा फोन आला. फोन कानापासून लांब धरावा लागला.

"बेहेन, माझा गोदाम छताला लागला, माणूस आत जात नाय! आणि तुझी मशीन बोलते गोदाम खाली! दुकानदार लोक माल मागून राहिले, माझा मुनीम बोलतो माल नाय, मशीन बोलली! मी काय आंधळा आहे?"

दुकानांकडून परत आलेला माल साठ्यात मिळवायच्या ऐवजी वजा होत होता. दिवाळीच्या तोंडावर शेठचे दुकानदार दुसरीकडे वळायला लागले होते. उमा कपाळाला हात लावून बसली. कारण ही चूक सापडली होती. हिरामणने ती आधी तिला दाखवली होती, आणि मग कधीच दुरुस्तही केली होती. दुरुस्ती त्याच्या मशीनवर होती. डब्यात नव्हती. आणि शेठकडे गेलं होतं ते डब्यातलं.

"हिरामण," ती म्हणाली, "काम झाल्यावर प्रत डब्यात ठेवायची एवढंच तर होतं. का नाही ठेवलीस?"

"तुम्ही त्या दिवशी नव्हता, ताई."

"मी नव्हते म्हणून काय? डबा होता ना!"

त्याने कपाटाच्या वर बघितलं.

"निष्काळजी म्हणावं तर तसा तू नाहीस. मग काय, हात पुरत नाही तुझा कपाटापर्यंत?"

"पुरतो." तो पडद्याकडे बघत म्हणाला. "माझी आजी, कौसाबाई, तुमच्या बदलापुरात वालाच्या शेंगा घेऊन यायची. मी बारका होतो, तिचा पदर धरून यायचो. एका घरी अंगणात दोरीवर लुगडं वाळत होतं. वाऱ्यानं हलत होतं म्हणून मी हात लावला. त्या घरच्या बाई ओरडल्याबिरडल्या नाहीत. लुगडं काढलं, बालदीत बुडवलं, पिळलं, परत दोरीवर टाकलं. माझ्यासमोर. आजी शेंगा मोजत राहिली."

गिरणीची घरघर चालू होती. टेबलावरचा पेनांचा पेला बारीक थरथरत होता.

"अरे, पण ते आम्हालाही शिवू देत नसत," उमा म्हणाली. आवाज तिचा तिलाच कसातरी लागला. "मी पोटची पोर, मलाही."

"तुमचं अंघोळीनं जायचं, ताई," हिरामण म्हणाला. "माझं कशानं जाणार होतं?"

बाळ आतल्या खोलीतून आला, त्याने सगळं ऐकलं होतं. त्याने घसा साफ केला आणि पुन्हा आत गेला.

जाताना हिरामणने सांगून टाकलं. अंधेरीला एका कंपनीत बोलावणं आलं आहे. शेठचं काम निस्तरेपर्यंत, दिवाळी होऊन कार्तिकी पौर्णिमा सरेपर्यंत थांबतो. मग जातो.

उमाने घरी आईला विचारलं, "चिखलोलीची कौसाबाई आठवते का गं?"

"वालवाली? न आठवायला काय झालं! फार गोड माणूस. मापात कधी कमी नाही. बरोबर एक नातू असायचा, मोठ्या डोळ्यांचा."

"त्याने कधी आपल्या लुगड्याला हात लावला होता?"

कुमुदिनीबाईंनी वाती वळता वळता विचार केला. अगदी खरोखर आठवून बघितलं त्यांनी. "कुणास ठाऊक. असं नेहमीच व्हायचं. कुणाकुणाचं लक्षात राहणार?"

आईच्या तोंडावर काहीच नव्हतं, ना राग, ना लाज. उमा देवापुढे बसली, पण स्तोत्र मध्येच कुठे सुटलं ते कळलं नाही. ती पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागली, आणि पुन्हा तिथेच सुटलं.

पुढच्या शुक्रवारी वीज गेली तेव्हा ती डोकं टेबलावर टेकून बसली आणि तिचा डोळा लागला. तिला एक लांबच लांब दोरी दिसली. बदलापूरच्या अंगणातून निघालेली, चिखलोलीच्या भातावरून, अंबरनाथच्या धुराड्यांमधून इथे कपाटापर्यंत आलेली. दोरीवर ओळी वाळत होत्या, तिच्या स्वतःच्या प्रोग्रॅमच्या ओळी, आणि त्यांतून हिरवी अक्षरं ठिबकत होती, टप, टप. खाली एक मूल उभं होतं. वारा आला, ओळी हलल्या, मुलाने हात वर केला, आणि तेवढ्यात आतून कुणी बाई बालदी घेऊन आली. तिचं तोंड दिसेना. उमा म्हणत होती, थांबा, थांबा, ते ओलं नाही होणार, ती नुसती अक्षरं आहेत. मग तिला दिसलं की बालदीची कडी तिच्याच हातात आहे.

लाईट आली. मशीनीने टुक्‌ केलं. उमा उठली, खुर्चीवर चढली, डबा खाली काढला आणि त्यातल्या फ्लॉप्या टेबलावर मांडल्या.

"आजपासून सोवळं बंद," तिने जाहीर केलं.

बाळ म्हणाला, "अगं, शब्द टाक, पद्धत कशाला टाकतेस? पुण्याच्या मित्राकडून मी ते विकतचं हत्यार आणवतोय. त्यात फाईलीला कुलूपच लागतं. एकाने घेतली की दुसऱ्याला मिळतच नाही."

"म्हणजे दोरी तीच. इंग्रजीतली."

"कुलूप चालेल," हिरामण पलीकडून म्हणाला. दोघांनी मान वळवली. "कुलूप सगळ्यांना सारखंच असतं."

उमाला ते लागलं, आणि पटलंही. हत्यार आलं, पण कुलुपाने भागेना. शेठचं काम असं आलं होतं की एकाच फायलीत दोघांना हात घालावा लागे. एकाने धरली की दुसरा बसून. दिवाळी तशीच ओढूनताणून गेली. शेठ जरा शांत झाले, हिरामण मात्र जायच्या तयारीला लागला होता. त्याने टेबलाचा खण रिकामा केला तेव्हा उमाने बघितलं नाही असं दाखवलं.

कार्तिकी पौर्णिमेला त्याने दोघांना घरी बोलावलं. गावात महिनाभर काकडा चालतो, त्याची समाप्ती. "काल्याला या, सर. ताई, तुम्हाला चालत असेल तर तुम्हीपण."

चालत असेल तर. उमा ते शब्द मनात घोळवत गेली.

सकाळचं धुकं भाताच्या खळ्यांवर अजून रेंगाळत होतं. देवळापुढच्या मंडपात टाळ वाजत होते, आणि त्या आवाजाने धुकंच मागे मागे सरतंय असं वाटत होतं. मध्ये एक भलीमोठी परात. घराघरांतून बायका येत होत्या, कुणी लाह्या ओतत होती, कुणी दही, कुणी पोहे, कुणी लोणच्याची फोड, कुणी काकडी चिरून. कोण कुठली, काय आणलं, कुणी विचारत नव्हतं. कीर्तनकारबुवांनी हंडी फोडली, आणि मग दोघी-तिघींनी कोपरापर्यंत हात घालून सगळं कालवलं.

उमा बघत राहिली. दही सगळ्यांना लागलं होतं, पण लाही लाहीच होती, फोड फोडच होती. कुणाचं काही पुसलं गेलं नव्हतं. एवढ्या वर्षांत किती वेळा काला खाल्ला असेल तिने, कुणी दिलेला, द्रोणातला. कालवताना कधी बघितला नव्हता.

हिरामणची आई विठा तिला एका म्हातारीजवळ घेऊन गेली. म्हातारीचे डोळे दुधाळ झाले होते. मांडीवर काल्याचं ताट.

"कोनाची गो तू?"

"दातारांची. बदलापूरची. कुमुदिनीबाईंची मुलगी."

"वाडीतली? आगो बाय!" कौसाबाईचा चेहरा उजळला. "तुझी आय बरी हाय ना? माझ्या शेंगा तिला लय आवडं." तिने मूठ भरली. "हात फुडं कर. अशी लांब का उभी?"

थोडं मागे हिरामण उभा होता. उमाला माहीत होतं तो बघतोय. पौर्णिमेचा तिचा उपास होता. तिला तो आठवलाही. तिने ओंजळ पुढे केली, म्हातारीने अंदाजाने मूठ तिच्या हातात रिकामी केली, आणि आपली बोटं तिच्या तळव्यालाच पुसली. उमाने तो काला तिथेच उभ्या उभ्या खाल्ला, दही मनगटावरून ओघळलं तेही चाटलं. फार आंबट होतं.

"माझ्या आईने तुमच्या..." तिने सुरुवात केली.

"काय गो?"

टाळ मोठ्याने वाजू लागले. म्हातारीला ऐकू आलं नाही, आणि उमाला दुसऱ्यांदा म्हणायचं धैर्य झालं नाही. तिने वाकून नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी सोमवार, हिरामणचा शेवटचा दिवस. उमा आली ती थेट त्याच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसली.

"साठ्यातलं तुझं काम काढ. माझंही आणलंय. कुणी कुणासाठी थांबायचं नाही. दोघांनी आपापल्या प्रतीवर दिवसभर काम करायचं आणि संध्याकाळी काला करायचा."

"काला?"

"दोन फायली शेजारी ठेवून कुठली ओळ वेगळी आहे ते दाखवणारी आज्ञा मशीनीत आहेच की. जिथे वेगळं निघेल तिथे दोघांनी बसून ठरवायचं, कुठली ठेवायची. पुसायचं नाही काही, विचारल्याशिवाय."

हिरामणने आपली फ्लॉपी मशीनीत घातली, शेजारी तिची उतरवून घेतली, आणि पडद्यावर ओळी चढू लागल्या. हिची, त्याची, हिची, त्याची. खालून गिरणीचं पीठ उन्हाच्या तिरप्या पट्ट्यात वर येत होतं, त्यात ती हिरवी अक्षरं तरंगल्यासारखी वाटत होती.

"ही कुणाची?" उमाने एका ओळीवर बोट ठेवलं.

"तुमची. चूक आहे."

"चूक कशी? परत आलेला माल इथे मिळवलाय."

"आणि माझ्यात वर एकदा मिळवलाय. दोन्ही ठेवल्या तर शेठचा माल दुप्पट होईल. मशीन बोलेल गोदाम फुटला."

"मग माझी काढ."

"काढू कशाला? तुमचीच बरोबर जागेवर आहे. माझी काढतो." तो थांबला. "ताई, पण हे आंबट होणार रोज. भांडणं होतील."

"होऊ देत. कालचं काय गोड होतं?"

तो हसला. या वेळी खाली न बघता. "दही आमच्याच घरचं होतं ते."

बाळ चहाचे पेले घेऊन आत आला आणि दारातच थबकला. "हिरामण, तुला आज लवकर निघायचंय ना? अंधेरीच्या लोकांना फोन करायचा होतास."

हिरामणने पडद्यावरून नजर काढली नाही. पुढची ओळ वर आली होती, आणि ती पुन्हा दोघांची वेगळी होती.

"थांबा सर जरा," तो म्हणाला, आणि खुर्ची उमासाठी थोडी बाजूला सरकवली. "हे आधी मिटू द्या."